बैठकीची लिंक बंद करू नका : व्यवस्थापक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
व्यवस्थापक मंडळ

विषय : ‘पूर्ववत कामकाज’ या परिपत्रकाबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात सूचनाफलकावर लागलेले आणि त्याच दिवशी प्रत्येकाच्या ईमेलवर आलेले आपले परिपत्रक मी तीनदा वाचले. दीड पानाच्या त्या मजकुरात ‘पूर्ववत’ हा शब्द सात वेळा आला आहे. बैठका पूर्ववत सभागृहातच होतील आणि त्यांची ऑनलाइन लिंक दिली जाणार नाही. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा रद्द होऊन हजेरी पूर्ववत राहील. वर्षभरात एकही रजा न घेणाऱ्यास मिळणारा पूर्ण हजेरीचा पुरस्कार पूर्ववत सुरू होईल. वातानुकूलनाच्या विजेचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून खिडक्याही पूर्ववत बंद ठेवल्या जातील. आणि शेवटी एक वाक्य आहे : ‘महामारीच्या काळातील तात्पुरत्या व्यवस्था या परिपत्रकान्वये संपुष्टात आणण्यात येत आहेत.’ हे पत्र मला त्या शेवटच्या वाक्याने लिहायला लावले.

यापूर्वी याच विषयावर मी विभागप्रमुखांमार्फत दोन निवेदने दिली होती. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे तिसरे निवेदन उघडपणे लिहीत आहे. शिवाय अशी परिपत्रके आपल्याच संस्थेत निघतात असे नाही. थोड्याफार फरकाने हीच वाक्ये कितीतरी कार्यालयांच्या फलकांवर लागली आहेत, आणि ती वाचून निमूटपणे आपल्या जागेवर जाऊन बसणारे माझ्यासारखे लोकही सगळीकडे आहेत. त्यांनीही हे पत्र वाचावे अशी इच्छा आहे.

मी लेखा विभागात बावीस वर्षे काम करते. तिशी ओलांडल्यापासून मला कमी ऐकू येऊ लागले आणि आता दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आहेत. चष्मा लावला की जसे स्पष्ट दिसते तसे यंत्र लावले की स्पष्ट ऐकू येत असेल, असा अनेकांचा प्रामाणिक समज असतो. तसे होत नाही. यंत्र बोलणाऱ्याचा आवाज वाढवते, त्याबरोबर वातानुकूलन यंत्राची घरघर, खुर्च्यांची सरकवासरकव, पेल्यांचा खणखणाट आणि शेजारच्याच्या हातातील कागदांची सळसळ हेही सगळे वाढवते, आणि मग त्या कोलाहलातून शब्द निवडून काढण्याचे काम माझे मलाच करावे लागते. आपल्या सभागृहातील लांब टेबलाभोवती वीस-बावीस जण बसले की मी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून अर्थ लावते. बोलणारा कागदात मान घालून बोलला, हनुवटीवर हात ठेवून बोलला किंवा माझ्याकडे पाठ करून फळ्यावर लिहिता लिहिता बोलला, की माझ्यापुरती ती बैठक तेवढा वेळ थांबते.

या सगळ्यावर मी एक तंत्र शोधले होते. सर्वांनी माना डोलावल्या की आपणही डोलवायची. समोरच्या दोघांचे खांदे हलू लागले की विनोद झाला असे समजायचे आणि हसायचे. माझे हसू इतरांच्या मागून, अर्ध्या क्षणाने यायचे. तेवढा उशीर कोणाच्या लक्षात येत नसेल असे मी स्वतःला सांगत असे. पण अध्यक्षांनी एकदा माझ्या त्या एकट्या, उशिराच्या हसण्याकडे वळून पाहिले होते आणि तेव्हापासून मी हसणेही सोडून दिले. बैठक संपली की शेजारणीला विचारायचे, ‘काय ठरले?’ ती बिचारी दोन वाक्यांत सांगे. दोन तासांच्या बैठकीतील माझा वाटा इतकाच असे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक महामारी म्हटले, आणि त्यानंतर काही दिवसांतच आपले सभागृह बंद झाले. घरच्या टेबलावर संगणक ठेवून मी पहिल्या ऑनलाइन बैठकीला बसले, तेव्हा आता उरलेसुरलेही ऐकू येणार नाही याची मला खात्री होती. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. प्रत्येक चौकोनात एक चेहरा होता, तो थेट समोर बघत होता आणि पडद्याचाच उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. तोवरच्या इतक्या वर्षांत माझ्या सर्व सहकाऱ्यांचे ओठ मला एकाच वेळी कधी दिसले नव्हते. दोघे एकदम बोलले की कोणालाच काही कळेना, म्हणजे सगळेच माझ्यासारखे झाले. आणि एका वेळी एकानेच बोलावे हा जो नियम मी वर्षानुवर्षे संकोचत मागत आले होते, तो त्यांनी तीन दिवसांत आपणहून घालून घेतला. आकडे चॅटमध्ये लिहिले जाऊ लागले. पुढे बोललेले शब्द पडद्याच्या तळाशी उमटवण्याची सोय आली. ती बरेच शब्द चुकवायची. आम्ही ‘ताळेबंद’ म्हटले की ती हटकून ‘टाळेबंदी’ लिहायची, आणि पहिल्यांदा तसे झाले तेव्हा संपूर्ण विभाग हसला. मीही हसले. अर्धा क्षणही उशीर न होता, सर्वांबरोबर हसले. ही गोष्ट परिपत्रकात नोंदवण्याजोगी नाही हे मला कळते, पण माझ्या लेखी ती मोठी आहे.

दुसऱ्या महिन्यात मी बैठकीत प्रश्न विचारला. घसाऱ्याची एक रक्कम दोन ठिकाणी धरली गेली होती आणि ती चर्चा चालू असतानाच माझ्या लक्षात आली. पूर्वी अशा चुका मला नंतर इतिवृत्त वाचताना दिसत, आणि तोवर निर्णय होऊन गेलेला असे. तेव्हापासून मी बैठकांत बोलते. माझ्या कामाच्या मूल्यमापनात ‘सहभाग वाढला’ असा शेरा आहे. सहभागाची इच्छा आधीही तितकीच होती, हे या निमित्ताने नमूद करते.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. महामारी चांगली होती असे मी म्हणत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत प्रत्यक्ष आजाराने किंवा त्यामुळे कोलमडलेल्या व्यवस्थेने मिळून जगात सुमारे १ कोटी ४९ लाख माणसे नेहमीपेक्षा जास्त मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत माझी थोरली बहीण होती. ताईला मी शेवटचे पाहू शकले नाही. काही दिवसांनी तिच्या शाळेतील सहकाऱ्यांनी ऑनलाइन शोकसभा घेतली. एरवी अशा सभेत मी पुढच्या रांगेत बसून लोकांचे चेहरे पाहत राहिले असते आणि नंतर कोणीतरी मला सांगितले असते की, सगळे फार चांगले बोलले. त्या दिवशी मला प्रत्येक माणूस काय बोलला ते कळले. शिपाईकाका म्हणाले की, ताई रोज दप्तर उघडण्याआधी वर्गाच्या खिडक्या स्वतः उघडायची. मला हे माहीत नव्हते. हे चांगले झाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ते घडले, आणि एका लिंकमुळे घडले.

दुःखातून माणूस अधिक समृद्ध होतो, अशा अर्थाची एक संकल्पना मानसशास्त्रात आहे. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात आघातोत्तर विकासाची कल्पना मांडली, आणि महामारीनंतर तिचा उल्लेख पुष्कळदा झाला. ज्याने सोसले त्याने स्वतःबद्दल असे म्हणावे. दुसऱ्याने त्याला तसे सांगू नये, असे माझे मत आहे. महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर नैराश्य आणि चिंतेच्या विकारांत सुमारे २५ टक्के वाढ झाली, हेही याच आरोग्य संघटनेने नोंदवले आहे. तेव्हा माझे म्हणणे मर्यादित आहे. संकटाने आपल्याला काही दिले नाही. संकटाने सवय मोडली, आणि सवय मोडताच, ‘शक्य नाही’ या उत्तराखाली इतकी वर्षे दडपलेल्या काही गोष्टी आठवड्याभरात शक्य असल्याचे दिसून आले. त्या शक्य होत्याच. त्या मागणारे थोडे होते, एवढाच फरक.

मला या संदर्भात एक नोंद नेहमी आठवते. २०२० च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात वाहनांचा गोंगाट एकाएकी ओसरला, तेव्हा डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या तिथल्या चिमण्यांचे गाणे संशोधकांनी ध्वनिमुद्रित केले आणि जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिले. चिमण्या पूर्वीपेक्षा हळू आवाजात गात होत्या, तरी त्यांचे गाणे पूर्वीच्या दुपटीहून अधिक अंतरावर पोहोचत होते. गोंगाट कमी झाला की ओरडावे लागत नाही, हे ऐकू न येणाऱ्या माणसाला चिमण्यांनी शिकवण्याची गरज नाही. पण ज्यांनी ते कधी अनुभवले नव्हते त्यांना त्या काही महिन्यांत ते कळले असेल, अशी माझी समजूत होती.

आता परिपत्रकातील कलमांकडे येते.

पहिले आणि माझ्यासाठी सर्वात महत्त्वाचे कलम लिंकचे. ऑनलाइन सोय दूर बसलेल्यांसाठी होती आणि आता सर्वजण कार्यालयात येणार असल्याने तिची गरज उरलेली नाही, असे कारण आपण दिले आहे. गेले कित्येक महिने मी सभागृहात, त्याच टेबलाशी बसून, माझ्या समोरच्या संगणकावर तीच बैठक पडद्यावर पाहते आहे, हे बहुधा आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. बोलणारा माझ्याकडे पाठ करून उभा असला तरी कॅमेऱ्यातून त्याचा चेहरा मला दिसतो आणि तळाशी शब्द उमटतात. ही लिंक माझ्यासाठी सभागृहात शिरण्याचा दरवाजा आहे. कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक सभागृहात आधीच बसवलेले आहेत, त्यांचे पैसे कधीच देऊन झाले आहेत. त्यामुळे बंद केल्याने नेमके काय वाचणार, याचा खुलासा परिपत्रकात सापडत नाही. जगात १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते आणि त्यांपैकी ४३ कोटींना त्यासाठी उपचार किंवा साधनांची गरज आहे, असे आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो. वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. मंडळाच्या काही ज्येष्ठ सदस्यांना ‘पुन्हा सांगा’ म्हणताना मी पडद्यावर पाहिले आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ती लिंक पुढेमागे त्यांनाही लागेल, म्हणून लिहिते आहे.

माझ्या सोयीचे तेवढेच टिकवावे असा माझा आग्रह आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून हेही सांगते की, महामारीतील सर्वच उपाय मला मानवले नाहीत. मास्क आले आणि रस्त्यावर, दवाखान्यात, औषधांच्या दुकानात लोकांचे ओठ माझ्यासाठी नाहीसे झाले. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे हे मी कागदावर लिहून घेत असे. तरीही मी मास्क लावला आणि इतरांनी लावावा असेच म्हटले, कारण तिथे माझ्या गैरसोयीपेक्षा मोठे काही पणाला लागले होते. आता लिंक बंद करताना असे कोणते मोठे कारण आहे, तेवढे मला कळावे.

दुसरे कलम घरून कामाचे. येथे मंडळाची एक बाजू आहे आणि ती मला मान्य आहे. नव्याने लागलेली मुले शेजारी बसून शिकतात. ते पडद्यावर होत नाही. काहींच्या घरी कामाला जागा नसते, काहींना घरचा एकटेपणा खायला उठतो. पहारेकरी, सफाई कर्मचारी आणि आवक-जावक विभागातील लोक यांना ही मुभा कधीच नव्हती, आणि ती असणाऱ्यांनी हे विसरू नये. म्हणून पाचही दिवस घरून काम मी मागत नाही. परंतु तीन दिवस कार्यालयात आणि दोन दिवस घरी, ही जी घडी बसली होती ती मोडण्यासाठी आपण दिलेले ‘कार्यक्षमतेवर परिणाम’ हे कारण तपासून पाहण्यासारखे आहे. ट्रिप डॉट कॉम या प्रवास आरक्षणाच्या मोठ्या कंपनीत नेमका याच घडीचा प्रयोग २०२१-२२ मध्ये झाला. १,६१२ कर्मचाऱ्यांची विभागणी त्यांच्या जन्मतारखेच्या सम-विषम अंकावर केली होती, म्हणजे कष्टाळू एका बाजूला आणि आळशी दुसऱ्या बाजूला असे होण्याचा प्रश्न नव्हता. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन वर्षांच्या पाहणीत फरक आढळला नाही. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक-तृतीयांशाने घटले, आणि ही घट स्त्रियांमध्ये व लांबून येणाऱ्यांमध्ये विशेष होती. मला त्यातील सर्वात बोलका भाग व्यवस्थापकांचा वाटतो. प्रयोगाआधी सरासरीने त्यांचे मत असे होते की, घरून कामामुळे उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल; प्रयोगानंतर त्याच व्यवस्थापकांनी ती १ टक्क्याने वाढते असे सांगितले. त्यांनी मत बनवण्याआधी करून पाहिले, असे नाही. पण करून पाहिल्यावर मत बदलले. आपल्या संस्थेत तीन वर्षांहून अधिक काळ हेच करून पाहून झाले आहे, त्याचे आकडे आमच्याच विभागात आहेत, आणि ते कोणी मागितले नाहीत.

जाण्यायेण्यातून वाचलेल्या वेळाचे काय होते, हाही प्रश्न अनेकदा संशयाने विचारला जातो. २७ देशांतील एका अभ्यासानुसार घरून कामाच्या दिवशी सरासरी ७२ मिनिटे वाचतात आणि त्यांतील सुमारे ४० टक्के वेळ माणसे पुन्हा कामातच घालतात. उरलेल्यातील काही वेळ घरच्यांच्या देखभालीत जातो. आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने मला लिहिले होते की, त्याची मुलगी चालायला शिकली ते त्याने पाहिले. थोरल्या मुलाच्या वेळी त्याला ते संध्याकाळी घरी गेल्यावर सांगितले गेले होते. मंडळ याचे काही देणे लागत नाही हे खरे आहे. पण त्या सहकाऱ्याने गेल्या चार वर्षांत दुसरी नोकरी का शोधली नाही, याचे उत्तरही त्यातच आहे.

पूर्ण हजेरीच्या पुरस्काराबद्दल फार लिहावे लागू नये. तो मला तीन वेळा मिळाला आहे. त्यांपैकी एका वर्षी मी दोन दिवस अंगात ताप असताना केवळ हजेरी चुकू नये म्हणून आले होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या रांगेतील चार खुर्च्या रिकाम्या होत्या. तेव्हा त्याचा संबंध मी जोडला नव्हता. महामारीत लोक आजारी असताना घरी थांबले, अंतर ठेवून वागले, मास्क वापरले, आणि त्याचा एक परिणाम असा झाला की, फ्लूच्या विषाणूंपैकी बी/यामागाता हा एक संपूर्ण वंश मार्च २०२० नंतर खात्रीलायकरीत्या कुठेही आढळलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीत त्याचा समावेश करण्याची आता गरज नाही असे सांगितले. तो कायमचा गेला की नाही हे काळच ठरवील. पण आजारी माणसाने घरी थांबण्याचे मोल इतके मोठे असू शकते हे कळल्यानंतर, आजारी असताना कामावर येणाऱ्याला व्यासपीठावर बोलावून प्रशस्तिपत्र द्यायचे, हे मला समजत नाही.

खिडक्यांचे कलम वाचताना तर मला आश्चर्य वाटले. हा आजार हवेतून पसरतो हे सुरुवातीला मान्य केले जात नव्हते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी लिहिलेल्या आणि २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेल्या एका जाहीर आवाहनाने, बंद जागेतील हवेकडे लक्ष द्या, असे आरोग्य यंत्रणांना सांगितले. ते आवाहनही याच पत्रासारखे उघडे होते. यंत्रणांना ते आवडले नाही, आणि पुढे त्यांना ते मानावे लागले. त्यानंतर आपल्या संस्थेने सभागृहाच्या खिडक्यांना बसवलेली पट्टी काढली आणि भिंतीवर कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र लावले. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. खोलीत माणसे श्वास सोडत राहतात आणि हवा बदलत नाही, तेव्हा ते चढत जाते. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी आपण एकमेकांच्या फुप्फुसातून आलेली हवा पुन्हा आत घेत असतो. दाराजवळ बसणारे एक सहकारी आकडा एक हजाराच्या वर गेला की, चर्चा कितीही रंगात आलेली असो, उठून खिडकी उघडत. सुरुवातीला लोक त्यांची थट्टा करत. नंतर आकडा वाढला की सगळेच त्यांच्याकडे पाहू लागले. ते यंत्र आता भांडारातील कपाटात आहे. परवा लेखनसाहित्य आणायला गेले तेव्हा मी ते पाहिले, बाजूला जुने शिक्के आणि तुटलेली पंचिंग मशीन होती. उघड्या खिडकीतून रस्त्याचा आवाज येतो आणि तो माझ्या यंत्राला सर्वात जास्त त्रास देतो. तरीही ती खिडकी उघडी असावी असे मी म्हणते आहे, याची नोंद घ्यावी.

राहिला ‘तात्पुरत्या’ या शब्दाचा मुद्दा. आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतरही या व्यवस्था चालू राहिल्या, कारण त्या उपयोगी होत्या. संकटात हाती लागलेली गोष्ट संकटाबरोबर टाकून द्यायची असते असा नियम इतरत्र कुठे दिसत नाही. कोविडविरुद्ध वापरलेल्या एमआरएनए लसींमागचे मूलभूत काम करणाऱ्या कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते तंत्र आता इतर आजारांवर वापरून पाहिले जात आहे. सांडपाण्यात विषाणूचे अंश शोधून साथीची चाहूल घेण्याची पद्धत पोलिओसाठी आधीपासून होती. कोविडमध्ये ती खूप विस्तारली आणि अनेक देशांत अजूनही वापरात आहे. आमची लिंक, आमच्या खिडक्या आणि आजारपणात घरी थांबण्याची मोकळीक यांनाच तेवढे ‘तात्पुरते’ का ठरवले गेले? मला वाटते, ज्यांना त्यांचा उपयोग होत होता त्यांना कोणी विचारले नाही म्हणून. परिपत्रकापूर्वी एकाही विभागाची बैठक झाली नाही, एकही प्रश्नावली आली नाही. माझी हीच तक्रार इतर सर्व तक्रारींहून जड आहे.

‘पूर्ववत’ म्हणजे सर्वांना समान अशी कोणतीतरी मोकळी जागा आहे आणि तिथे आपण सगळे परत जात आहोत, असा त्या शब्दाचा सूर आहे. पूर्वी मी सभागृहात होते आणि बैठकीत नव्हते. आपण मला तिथे परत पाठवत आहात.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सभागृहात होणाऱ्या प्रत्येक बैठकीची ऑनलाइन लिंक, शब्द उमटवण्याच्या सोयीसह, चालू ठेवावी. ती वापरणाऱ्याकडून कारण किंवा प्रमाणपत्र मागू नये. घरून कामाचे दोन दिवस कायम ठेवावेत, आणि ते बदलायचेच असतील तर आधी आपल्याच संस्थेतील गेल्या तीन वर्षांचे आकडे सर्वांसमोर मांडावेत. पूर्ण हजेरीचा पुरस्कार बंद करावा. ती रक्कम आजारपणाच्या रजेत कामाचा भार उचलणाऱ्या सहकाऱ्यांसाठी वापरली तर उत्तमच. हवा मोजणारे यंत्र कपाटातून काढून पुन्हा भिंतीवर लावावे आणि खिडकी उघडण्याचा अधिकार आत बसलेल्यांकडे ठेवावा. पहारेकरी, सफाई आणि आवक-जावक विभागातील कर्मचाऱ्यांना घरून काम शक्य नाही. त्यांना त्या बदल्यात काय देता येईल हे त्यांनाच विचारावे. आणि हे सर्व ठरेपर्यंत परिपत्रकाची अंमलबजावणी स्थगित ठेवावी.

पुढील बैठक महिनाअखेरीस आहे. मी नेहमीच्या जागी, दारापासून तिसऱ्या खुर्चीवर असेन. या पत्राचे उत्तर कृपया लेखी द्यावे. ते सभागृहात उभे राहून, लिंकशिवाय दिले गेले, तर मला इतरांना विचारावे लागेल, ‘काय ठरले?’

कळावे,

आपली नम्र,
लेखा विभागातील एक कर्मचारी